हितसंबंध नसलेला माणूस

आमच्या कोळीवाड्यातून कळव्याच्या रस्त्याला लागायचं तर मधे खाडीचा फाटा. भरतीला दामाजीची होडी चालते, ओहोटीला नुसता गाळ. सत्त्याऐंशी साली माझी लेक जनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, आणि दवाखाना पलीकडे. पोरीला ओहोटीतच कळा लागल्या तर? मला दुसरं काही सुचत नव्हतं. पूल पाहिजे होता, बस्स.

तेवढ्यात ठाण्याच्या कुठल्याशा कचेरीतून सुधीरसाहेब आले. पूल नाही बांधला तर धोका किती, ते म्हणे आधी ठरवायचं. गळ्यात टाय, तोही खाडीत! मी पहिलीच पुढे झाले, जनीचं पोट दाखवलं. साहेब फार सभ्य. म्हणाले, बाई, यात तुमचा हितसंबंध आहे, तुमचं म्हणणं धरता येणार नाही. अरे, गाळातून टोपली घेऊन रोज मी जाते, मग विचारणार कोणाला, माझ्या कपाळाला?

दामाजीने छाती ठोकून सांगितलं, गाळात काडीचा धोका नाही, खरा धोका पुलाचाच. पूल झाला की त्याची होडी बसणार, म्हणून तोही बाद. पंढरी म्हणाला धोका आहे, तर त्याची पलीकडे जमीन निघाली. भगवान म्हणाला, मला काहीच फरक पडत नाही. तो दामाजीचा जावई. संध्याकाळपर्यंत अख्खा कोळीवाडा बाद झाला.

मग ठमाबाई म्हणाली, देवीला कौल लावा. आमच्यात काही अडलं की देवीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावतात, उजवी पडली तर होकार. पुलावाचून धोका आहे का गं आई, असं विचारलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत उजवी पडली. साहेबांनी हात जोडले, प्रसाद खाल्ला आणि देवीलाही बाद केलं. देऊळ पुलाच्या तोंडाशी आहे, पूल झाला की देवीकडे गर्दी वाढणार म्हणे. आता बोला!

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते नेमके ओहोटीत. होडी रुतलेली. बूट हातात घेऊन ते चालत निघाले आणि मधोमध छातीपर्यंत गेले. जनीनेच आधी पाहिलं, तिनेच हाका मारल्या. आम्ही फळ्या टाकल्या, दामाजीने दोर टाकून त्यांना ओढलं. साहेब बाहेर आले ते रडतच. धोका आहे, म्हणाले, फारच आहे. मला एवढा आनंद झाला की मी त्यांचं तोंड माझ्या पदराने पुसलं.

जरा दम खाल्ल्यावर साहेब म्हणाले की आता त्यांनाही पूल मनापासून हवासा वाटतोय, म्हणजे त्यांचंही मत बाद. दुसरा कोणीतरी साहेब नेमावा लागेल, आणि त्याला इथे मुळीच आणायचं नाही.

जनीने विचारलं, "आमच्यातलं कोणी या गाळात मेलं, तर त्याचं धराल का?"

साहेबांनी खरंच विचार केला. "धरता येईल," ते म्हणाले. "त्याचा काही हितसंबंध उरत नाही."

जनी पोटावर हात ठेवून खाली बसली. मी साहेबांचा दंड धरला आणि त्यांना परत गाळाकडे न्यायला लागले. दामाजीनेसुद्धा मला अडवलं नाही.