घोडे उधळले त्या दिवशी

धाकट्या सुनेचं काम म्हणजे दिवसभर कम्प्युटरवर पट्टे फिरवायचे. मोटरचा पट्टा पुढच्या पुलीला फिरवताना किती घसरतो आणि वेग किती गळतो, याचं गणित ती कंपनीत मांडायची. त्यामुळे सासऱ्यांनी आपली जत्रेतली लाकडी घोड्यांची चक्री भंगारात काढायची ठरवली, तेव्हा ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

चक्रीची पार रया गेली होती. माणसं बसली की घोडे असे रेंगाळत, की पोरं मध्येच उतरून चालू लागत. पण नवऱ्याने तिला मागणी घातली ती याच चक्रीवर, आणि त्या वेगात होकार द्यायला तिला भरपूर वेळ मिळाला होता. तिचा जीव होता चक्रीवर.

"बाबा, मोटर ठणठणीत आहे. पट्टा ढिला पडलाय. भार वाढला की घसरतो. मोटर चार बोटं मागे सरकवू. कम्प्युटर म्हणतो, भरल्या चक्रीला मिनिटाला सहा फेऱ्या मिळतील."

"कम्प्युटर बसलाय का कधी घोड्यावर?" सासरे म्हणाले. "एकदाच चालवून बघू. नाहीतर भंगारवाला दारात उभाच आहे."

मोटर सरकवली. भार म्हणून सगळं घर घोड्यांवर चढलं. गणितासाठी तिने प्रत्येकाचं वजन विचारलं होतं. आत्यांनी लग्नाच्या वेळचं सांगितलं. सासूबाई आढेवेढे घेत पांढऱ्या घोड्यावर बसल्या.

सासऱ्यांनी बटण दाबलं. पट्टा एकदा कुरकुरला आणि घोडे जे सुटले, ते सुटलेच. आत्यांच्या चपला उडाल्या. दिराचा चष्मा भंगारवाल्याच्या पोटावर आदळला. सून खांबाला मिठी मारून फेऱ्या मोजत होती. सहा कसल्या, नऊ होत होत्या. आपलं गणित साफ चुकलं, आता चक्री गेली, असं तिला वाटलं. पण हसू काही आवरेना.

"बाबा, बंद करा!"

बाबा ऐकतील तर शपथ. हात बटणावर होता, पण नजर पांढऱ्या घोड्यावर. सासूबाईंचा अंबाडा सुटला होता आणि त्या खदाखदा हसत होत्या. असं हसताना त्यांना कुणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटी एकदाची चक्री थांबली.

"चुकलंच माझं गणित," सून म्हणाली.

"तुझं कुठलं," सासरे ओशाळून म्हणाले. "घोडे मंदावले तेव्हा वेग वाढावा म्हणून मीच मोटरला मोठी पुली बसवली. तुला सांगायचं राहिलं."

तिने कपाळावर हात मारला. डोकं गरगरत असल्याने तो कानावर बसला. मोठी पुली आणि घट्ट पट्टा, म्हणजे नऊच यायला हव्या होत्या.

सासूबाई झोकांड्या खात खाली उतरल्या आणि समोरच्या खांबाला ठणकावून म्हणाल्या, "गाडी रिकामी घेऊन जा. चक्री विकायची नाही."

खरा भंगारवाला केव्हाच काळ्या घोड्यावर चढून बसला होता. सासूबाईही परत आपल्या घोड्याकडे वळल्या. सासऱ्यांनी सुनेला बटणापाशी उभं केलं आणि स्वतः बायकोच्या शेजारच्या घोड्यावर जाऊन बसले, आयुष्यात पहिल्यांदाच.

"आधी लहान पुली बसवू का, बाबा?"

"उद्या बसव," सासरे म्हणाले. "आज दाब."