वेगळी प्रत कुठे ठेवलीत?

जुन्या डिस्कच्या पाठीवरचा, तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू तिच्या चिमटीत फिरत होता... आणि पडद्यावर कुणा एका शहाण्याची सूचना उघडी होती : प्रोग्रॅमचं ‘आरसा’ हे नाव काढा, ‘सुरक्षित’ ठेवा, सुरुवातीचा तो आगाऊ प्रश्नही डिफॉल्टमधून घालवा, लोक वैतागतात.

वैतागू देत की! बारा वर्षं फुकट वापरताय... कॉलेजची पायरी न चढता तिनं एकटीनं लिहिलेला हा प्रोग्रॅम — एका डिस्कवरचं अक्षर त्याच क्षणी दुसरीवर उमटवणारा — आज दवाखान्यांत चालतो, ग्रंथालयांत चालतो, आणि सेटिंग्ज तर कुणी उघडतच नाही, म्हणजे ती जे आधी ठरवून ठेवते तेच लाखोंच्या वाट्याला येतं. मान ताठ व्हावी अशीच गोष्ट. का होऊ नये?

आरसा म्हणजे आरसा. एक डिस्क मेली तर दुसरी जगते, इतकंच. तुम्ही चुकून काही पुसलंत तर तोही तितक्याच तत्परतेनं पुसतो. याला सुरक्षित म्हणणं ही शुद्ध थाप. म्हणून तिचा प्रोग्रॅम आधी विचारतो — वेगळी प्रत कुठे ठेवलीत? — आणि उत्तराशिवाय पुढे सरकत नाही.

ही थाप पहिल्यांदा मारली कोणी?... तिनंच. पहिल्या आवृत्तीत ‘सुरक्षित’ तिनंच लिहिलं होतं, चोविसाव्या वर्षी, छाती फुगवून. तिचा दादा कृत्रिम पाय बनवायचा. नऊशे माणसांची मापं अशाच दोन डिस्कच्या जोडीवर. एक कळ चुकली, दोन्हीकडे साफ. मग एकेकाला परत बोलावून, पुन्हा टेप लावून... चार महिने. तिनंच नाव बदललं, प्रश्न घातला. आणि आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही इतका त्या प्रश्नाचा तिला अभिमान वाटत आला.

त्या सूचनेवर, प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या बाकीच्यांची मतं समसमान पडली होती. संध्याकाळपर्यंत निर्णय तिचा. तिनं फोन लावला.

“दादा, जुनं नाव परत आणा म्हणतायत. सुरक्षित.”

“आणू देत की. छान होतं.”

“छान? अरे, तुझी मापं गेली त्याच्यापायी!”

“माझ्या हातानं गेली गं ती. आणि खरं सांगू? तुझा तो प्रश्न आला ना, की शाळेतल्या बाई छडी घेऊन उभ्या आहेत असं वाटतं. मी आपलं काहीतरी ठोकून देतो नि पुढे जातो.”

“काहीतरी म्हणजे?”

“‘कपाटात.’”

“आणि कपाटात?”

“कपडे आहेत.” तो खो खो हसला.

नाव हलणार नाही, हे तिनं फोन ठेवताच टाइप केलं — थाप ती थाप. प्रश्नापाशी मात्र बोटं अडली. इतकी वर्षं विचारलं, लाखो वेळा विचारलं. उत्तर खरं की खोटं हे बघायची सोय कधी केलीच नाही. विचारलं म्हणजे झालं?... यापुढे प्रोग्रॅमनं स्वतः जाऊन प्रत शोधायची, उघडून बघायची — कठीण होतं. पण तिला नाही तर कोणाला जमणार होतं! नेहमीचीच फुशारकी ही. फक्त आज तिच्या तळाशी काहीतरी हलत होतं, दाराशी उभं राहून ‘जेवलास का रे’ विचारावं आणि नुसत्या ‘हो’वर न जाता, उष्टं ताट दिसेपर्यंत तिथून हलू नये, तसं...