मालकांच्या पायातली घंटी

मी पितळेची घंटी बोलतेय. बोलतेय कसली, वाजतेय! आज मला धीरच धरवत नाही, म्हणून भराभर सांगते.

अचलपूरच्या बाजारात माझे मालक सूर्यभान आणि त्यांची बायको इंदूबाई यांनी मला गोऱ्ह्यासाठी घेतलं. अमरावतीजवळ त्यांचा झेंडूचा मळा आहे. पुढे बैल विकले, भाड्यानं ट्रॅक्टर येऊ लागला आणि मी खुंटीवर गेले. सहा वर्षं धूळ खात पडले. माणसांचं असंच असतं, काम सरलं की विसरले!

घरचा कुत्रा सुलतान. म्हातारपणी त्याची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, "नजर परत येणार नाही, पण नाक-कान शाबूत आहेत. त्याला हिंडू-फिरू द्या." पण तो खाटेखालून हलेना, भाकरीला तोंड लावेना. इंदूबाईंनाही घास गोड लागेना.

मग मालकांनी मला पुसून सुलतानच्या गळ्यात बांधलं. म्हणाले, "कुठं गेला ते आपल्याले समजन." जनावर दिसलं की शेतकऱ्याचा हात आधी त्याच्या गळ्याकडे जातो. मी तर हरखून गेले! पण सुलताननं एक पाऊल टाकलं, मी वाजले आणि तो जागीच थबकला. माझ्या गोंगाटात त्याला दुसरं काही ऐकूच येईना. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी इंदूबाईंच्या ध्यानात आलं. "अवो, तो कुठं हाय ते आपल्याले दिसते. आपुन कुठं हावो, ते त्याले समजाले पायजे! घंटी तुमच्या पायात बांधा."

"माह्या पायात? मी काय नंदीबैल आहो? लोकं हासतीन."

"हासू द्या. तो उपाशी मरून राहिला."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला, पायजमा वर केला आणि मला सुलतानच्या गळ्यातून सोडून आपल्या पायात बांधलं.

टिण! खाटेखाली कान टवकारले. टिण! नाक बाहेर आलं. मालक एकेक पाऊल मागे सरकत गेले आणि सुलतान अंगणापर्यंत आला, थेट त्यांच्या पायाशी! तिथंच त्यानं दूध-भाकर चाटूनपुसून खाल्ली. इंदूबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

आता अमरावतीच्या राजापेठेत फुलं विकतानाही मी मालकांच्या पायात असते. गिऱ्हाइकं हसतात, मालकही हसतात. मळ्यात ते दमून बसले, तरी पाय हलवत राहतात. सुलतानला एकटं वाटू नये म्हणून.

आणि आज सकाळी तर तो झेंडूच्या ओळींमधून माझ्यामागे चक्क धावला!

आमच्या मळ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरच्या वाटेनं, गाडी नेलीत, तर एवढंच करा, हॉर्न वाजवू नका. सुलतान ऐकतोय.