बंद केलेली गोळी

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळा बाजार मिस्त्री म्हणे, म्हणून त्यांची बायको आपोआप मिस्त्रीणबाई झाली. बाईंनी उभ्या जन्मात एक स्क्रू पिळला नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरातली देखभाल मात्र त्यांच्याकडेच होती, आणि देखभाल करण्याजोगं यंत्र घरात एकच होतं, नवरा.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींना हृदयविकाराचा झटका आला. दुकानात एका यंत्राच्या पोटात हात घालून बसलेले असताना ते कलंडले. बंद पडलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी वेळेवर उघडली, आत जाळीची नळी बसवली, आणि काही आठवड्यांत मिस्त्री पुन्हा शिंप्यांचे जिने चढू लागले. सोबत गोळ्यांची पिशवी घरी आली. त्यातली एक पांढरी, लांबट गोळी हृदयाची धाव आवरून धरण्यासाठी होती. ती रोज सकाळी बाई स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवत, पाण्याचा पेला पुढे करत आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नसत. कोणी देवावर भार टाकतं, कोणी नशिबावर. बाईंनी तो त्या गोळीवर टाकला होता.

मग तो अभ्यास निघाला. रुग्णालयातल्या हृदयविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. पूर्वी झटका येऊन गेलेल्या माणसाला ही गोळी जन्मभर देत असत. पण तेव्हा आजच्यासारख्या नळ्या नव्हत्या, आजची बाकीची औषधंही नव्हती. आता ज्यांचं हृदय नीट रक्त ढकलतंय, त्यांना ही गोळी खरोखर लागते, की उगाच थकवते, ते पाहायचं होतं. निम्म्या लोकांची गोळी चालू राहणार, निम्म्यांची बंद होणार. कोणाची कोणती, ते संगणक ठरवणार.

"पण यातलं बरोबर कोणतं?" बाईंनी विचारलं.

"तेच अजून माहीत नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

बाईंना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बाहेर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे आपण आलोच कशाला?"

"अगं, माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला," मिस्त्री म्हणाले. "यंत्र न उघडताच दोष सांगतो ना, तो मिस्त्री लबाड असतो. या बाई उघडून बघणाऱ्यांतल्या आहेत. उद्या माझ्यामुळे कोणाची एक गोळी वाचली तर वाचू दे की."

संगणकाने मिस्त्रींना गोळी बंद करणाऱ्यांत टाकलं. मिस्त्रींना बक्षीस लागल्यासारखा आनंद झाला. बाईंनी मात्र उरलेल्या गोळ्या फेकल्या नाहीत, कपाटात ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने त्या पाण्याचा पेला घेऊन आल्या, मिस्त्रींनी हात पुढे केला, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की ठेवायला काही नाही. मिस्त्री हसले. बाईंना दिवसभर काही सुचलं नाही. दुपारी मिस्त्रींचा डोळा लागला की बाई पाय न वाजवता जवळ जात आणि नाकाशी बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री करून घेत. आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग धीर सुटला.

कपाटात गोळ्या शिल्लक होत्या. मिस्त्री कॉफी काळी आणि बिनसाखरेची पीत, बाईंच्या भाषेत काढ्यासारखी. बाईंनी चमच्याच्या पाठीने गोळी कुटली आणि पूड कपात ढवळली. पहिल्या दिवशी ढवळताना बशीत कॉफी सांडली.

"आज झकास झालीय," मिस्त्री म्हणाले.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं असं नाही. माहेरच्या कागाळ्या लपवल्या होत्या, एकदा फुटलेला चष्मा लपवला होता. पण हे तसलं नव्हतं. माणसाने समजून उमजून अभ्यासाच्या कागदावर सही केली होती, आणि त्याच्या तोंडात त्या त्याच्या नकळत आपलं म्हणणं घालत होत्या. हे त्यांना त्याच सकाळी स्वच्छ कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी चमचा पुन्हा हातात आलाच. आपण घात थोडाच करतोय, राखण करतोय, असं त्या मनाला बजावत राहिल्या. मन काही ऐकत नव्हतं, पण हात ऐकत होते.

अभ्यासाची नर्स अधूनमधून फोन करून चौकशी करी. मोठी गोड मुलगी होती. "काका, ती गोळी चुकूनही घेत नाही ना?" ती विचारी.

"छे हो! एकदा शब्द दिला म्हणजे दिला," मिस्त्री ताठ बसून सांगत. शेजारच्या खोलीत बाई कपड्यांच्या घड्या करत असत. घडी घातलेला कपडा मोडून त्या पुन्हा घडी घालत.

काही महिन्यांत मिस्त्रींची चाल मंदावली. अभ्यासातली बाकीची मंडळी तपासणीला भेटत, त्यांच्यातल्या कोणी सांगे, गोळी सुटल्यापासून पाय हलके झाले, कोणी सांगे, पुन्हा पोहायला लागलो. मिस्त्री घरी येऊन म्हणत, "लोकांना पंख फुटले आणि माझे पाय शिशाचे झाले." तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसू लागले. एका संध्याकाळी दोघं बरोबर येत असताना ते तिथे बसले, बराच वेळ उठलेच नाहीत आणि म्हणाले, "असं का होतंय गं मला?"

बाई म्हणाल्या, "वय झालं आता. मानून घ्या."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी दीड केली. नवरा दमतोय म्हणजे हृदय कमजोर झालं, हृदय कमजोर झालं म्हणजे गोळी कमी पडतेय, असा त्यांचा हिशोब होता. कपाटातल्या गोळ्या संपल्या, तेव्हा ओळखीच्या औषधवाल्याने जुन्या चिठ्ठीवर नव्या दिल्या.

मिस्त्रींनी खरोखरच मानून घेतलं. त्यांनी भाच्याला बोलावलं, दुकान त्याच्या ताब्यात दिलं आणि हत्यारांची पिशवीही दिली. ती पिशवी त्यांनी आजवर कोणाला हातही लावू दिली नव्हती. "आता तू बघ बाबा. जिने माझ्याच्याने होत नाहीत," एवढंच बोलले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बाईंना वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. माणूस आता दिवसभर डोळ्यांसमोर राहणार होता.

डोळ्यांसमोरच ते पडले. भाजी आणायला म्हणून दोघं निघाली होती, मिस्त्रींनी कठडा धरला, "अंधारून आलं," म्हणाले, आणि चार पायऱ्या गडगडत गेले. डोक्याला खोक पडली. शेजाऱ्यांनी धावाधाव करून रुग्णालयात पोचवलं. नाडी पाहणाऱ्या डॉक्टरने ती दोनदा मोजली. चाळीसच्याही खाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घरून थर्मासमध्ये कॉफी घेऊन आल्या. त्या कॉफीत दोन गोळ्या होत्या. आता नाही तर कधी, असं त्यांना वाटलं होतं.

बाई कपात कॉफी ओतत होत्या, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "हृदयाला ठोके द्यायला सांगणारी जी आतली वायरिंग असते ना, ती तुमची बिघडलेली दिसतेय. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवावं लागेल, पेसमेकर. उद्या सकाळी करू."

"म्हणजे आता मलाच मोटर लागणार," मिस्त्री म्हणाले. "पायाने चालणारी यंत्रं जुनी झाली की शिंपी हेच करतात."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही ती गोळी घेत असतात ना, तर मी एवढी घाई केली नसती. ती गोळी नाडी मंद करते. आधी ती बंद केली असती आणि दोन-चार दिवस वाट पाहिली असती. पण तुमची तर कधीच बंद आहे."

मिस्त्रींनी कप ओठाला लावला होता. बाईंनी तो काढून घेतला.

"अगं, काय झालं?"

"निवलीय. राहू द्या."

कपातून वाफा येत होत्या. कपाची कॉफी बाईंनी मोरीत ओतली, मागोमाग थर्मासही रिकामा केला आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सगळं लख्ख कळलं होतं. आजार नव्हताच, आजार त्याच रोज कपातून देत होत्या. आता सांगितलं तर नवऱ्याच्या मनातून कायमच्या उतरणार. नाही सांगितलं तर उद्या धडधाकट माणसाची छाती चिरली जाणार. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट ही, की एवढं समजूनही त्या लगेच हलल्या नाहीत. पेसमेकर बसवून कितीतरी लोक सुखाने जगतात, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

बाहेर आवाज चढला, तेव्हा त्या भानावर आल्या. त्यांची लेक बातमी कळताच सासरहून आली होती, आणि तिने अभ्यासाच्या नर्सला भिंतीशी गाठलं होतं. "चांगल्या चाललेल्या माणसाची गोळी बंद केलीत तुम्ही! तुम्हाला प्रयोग करायला माझेच बाबा सापडले? आई बिचारी रात्रंदिवस जपते त्यांना!"

नर्सचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, मी दर वेळी विचारत होते हो," ती म्हणत होती. "माझंच काही चुकलं असेल. काकांनी काहीतरी सांगितलं असेल आणि माझ्या लक्षात आलं नसेल."

'आई बिचारी' ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे होऊन त्यांनी लेकीचा हात धरला.

"तिला बोलू नकोस. गोळी बंद नव्हती. मी देत होते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाई शिव्या खायच्या तयारीने बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी फक्त विचारलं, "किती? शेवटची कधी?" कालपर्यंत दीड, आज दोन, पण आजची पोटात गेली नाही. मग "कशी देत होता?" बाईंनी चमच्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी केलेली असते, काकू. कुटली की सगळी एकदम अंगात उतरते."

म्हणजे राखण करतानाही त्यांनी धड राखण केली नव्हती. बाईंना रडूही येईना. मग त्यांनी विचारलं, "आता तुमच्या अभ्यासातून त्यांचं नाव काढणार?"

"नाही. ज्या गटात नाव निघालं त्याच गटात ते शेवटपर्यंत मोजले जाणार, असा नियमच आहे. गोळी बंद केलेल्यांपैकी एक जण पडला, असंच मोजलं जाईल. कशामुळे, तेही आम्ही लिहू. पण मोजणी बदलणार नाही."

"म्हणजे केलं मी आणि लागलं त्यांच्या नावाला."

"थोडंफार तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

बाईंनीच सांगितलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी "हं," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. ओरडले असते तर बाईंना सोसलं असतं. पुढचे सगळे दिवस ते हंच म्हणत राहिले. जेवलात का, हं. उशी देऊ का, हं. तिकडे यंत्रावरचा नाडीचा आकडा मात्र रोज वर चढत गेला, आणि पेसमेकरचं नाव कोणी पुन्हा काढलं नाही.

घरी सोडलं त्या दिवशी बाई पिशवी घेऊन मागे राहिल्या आणि मिस्त्री पुढे जिना चढू लागले. पहिला मजला झाला, दुसरा झाला. वळणावर ते थांबले नाहीत. बाई धापा टाकत मागून येत होत्या. शेवटच्या पायऱ्यांवरून वर पाहतात तो मिस्त्री बंद दाराशी उभे, छातीवर हात ठेवून.

"काय होतंय हो?"

"काही नाही होत," मिस्त्री म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते पूर्ण वाक्य बोलले होते. "दमच लागला नाही." आणि मग, "म्हणजे मी म्हातारा झालोच नव्हतो."

बाई चार पायऱ्या खालीच थबकल्या.

"गोळी दिलीस ते समजू शकतो मी," मिस्त्री म्हणाले. "भीती कोणालाही वाटते. पण मी त्या पायरीवर बसून तुला विचारलं होतं, असं का होतंय म्हणून. तू काय म्हणालीस?"

आवाजात राग नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखे ते वाट पाहत होते.

"वय झालं, म्हणाले मी," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान हलवली.

"डॉक्टर म्हणाले असते ना, तर मी मानलं नसतं गं."