तिन्ही संध्या सोडून

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे हे आम्हाला १९९७ साली कळलं. तोवर आम्ही त्याला घोरणं म्हणत होतो. काशीतल्या ब्रह्मा घाटावरचे शेजारी काय म्हणत असतील ते मी विचारलं नाही. दिल्लीला तपासणी झाली. अमेरिकेतल्या केयूरने, माझ्या मावसभावाने, एक मशीन पाठवलं. नाकावर मुखवटा बांधायचा, मशीन हवा ढकलत राहतं आणि घसा मिटत नाही. वीज गेली की तेही बंद पडणार, म्हणून इन्व्हर्टर आला. मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे मिक्सरपासून सगळ्या यंत्रांची जबाबदारी घरात माझ्यावरच असते.

आप्पांना एक गोळीही चालू होती, तिचं कारण वेगळं होतं. आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेणीमाधवकाका दोघेही घनपाठी. वेदातले शब्द पुढेमागे उलटसुलट गुंफून म्हणायची ती रीत. दोघे समोरासमोर बसायचे, एकाने उचललं की दुसऱ्याने पुढे न्यायचं. चाळीस वर्षं ही जोडी जमली होती. आदल्या वर्षी काका गेले. आप्पा रडले नाहीत. बोलायचे थांबले आणि पानात अर्धं टाकायला लागले. मनोविकाराच्या डॉक्टरांनी उदासीनतेवरची गोळी लिहून दिली. मशीन आणि गोळी एकाच महिन्यात सुरू झाली.

चैत्रातल्या वसंतपूजेला, म्हणजे वैदिकांच्या पाठाच्या सभेत, आप्पांनी काकांच्या मुलासमोर, विश्वेशसमोर, बसायचं ठरलं होतं. त्या दिवशी पाठ चुकला तर पुन्हा आसनावर बसणार नाही, असं आप्पांनी सांगून ठेवलं होतं. ते बोलतात तसं करतात, हा त्यांचा सगळ्यात त्रासदायक गुण. पाठ सुटला तर माणूसही फार दिवस राहणार नाही, अशी मला भीती वाटत होती.

मशीनने घोरणं थांबलं, पण झोप बिघडली. आई रोज सकाळी चहाबरोबर अहवाल द्यायची. चारदा उठले, पाय झाडले, झोपेत मोठ्याने मंत्र म्हटले. मी ते वहीत लिहून ठेवत होते. दिवसा आप्पा पाठ म्हणतानाच पेंगायचे. पूजेला सहा आठवडे उरले असताना ते एकाच ओळीत दोनदा अडले. विश्वेश खाली मान घालून थांबून राहिला. आप्पा उठून आत आले.

"ऋता, ही मशीन वापस पाठव. केयूरला सांग, काही उपयोग नाही."

मी मुखवटा पाहिला, नळी पाहिली, हवेचा दाब पाहिला. सगळं ठीक होतं. मग वही काखेत मारून आप्पांनाच गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी वही वाचली. "पंडितजी, दवा कब लेते हैं?"

"रात को, सोते समय."

"मैंने तो मना किया था. कहा था, संध्या को मत लीजिएगा, नींद बिगड़ेगी."

"संध्या को कहाँ लेते हैं?" आप्पा म्हणाले. "तीनों संध्या छोड़कर लेते हैं."

डॉक्टरांच्या शुद्ध हिंदीत संध्या म्हणजे सायंकाळ. आप्पांच्या लेखी संध्या म्हणजे पळी-पंचपात्र घेऊन दिवसातून तीनदा करायचं नित्यकर्म; पहाटे, दुपारी आणि सायंकाळी. तिन्ही टाळल्या की गोळीला निजायची वेळ तेवढी उरते. यात खोट काढायला जागा नव्हती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ही गोळी मन वर उचलते, पण काहींना जागंही ठेवते. रात्री घेतली तर झोप तुटते, पाय झाडले जातात, स्वप्नं फार पडतात. मशीन घसा मोकळा ठेवतं, त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. मशीन मुळीच बंद करायचं नाही. गोळी सकाळी घ्यायची, आणि आता एक दिवसाआड.

परतताना मला हसू आवरत नव्हतं. रिक्षा सोडून आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा आप्पा थांबले.

"संध्या म्हणजे शाम, हे मला कळत नाही असं वाटलं तुला? साठ वर्षं काशीत गेली माझी."

"मग?"

"त्या दिवशी नाही ध्यानात आलं. आठवड्याने आलं."

"आणि तरी रात्रीच घेत राहिलात?"

"रात्री वेणी यायचा," आप्पा म्हणाले. "समोर बसायचा. मी उचललं की पुढे न्यायचा. एक स्वर चुकत नव्हता त्याचा."

मला भयंकर राग आला. दोन महिने मी नळ्या तपासत होते, आई उशाशी जागत होती. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या रागाचं काय करायचं ते मला कळेना.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"सकाळी घेणार. विश्वेशला समोर जागा माणूस पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून गोळी प्रातःसंध्येनंतर सुरू झाली. तीन-चार आठवड्यांत आईचा अहवाल एका ओळीवर आला. झोपेत मंत्र म्हणणं थांबलं म्हणून ती खूश होती. मी तिला काही सांगितलं नाही.

वसंतपूजेला आप्पा विश्वेशसमोर बसले. अडलेली ती ओळ आली आणि सरळ पुढे गेली. दोघांपैकी कुणीही चुकलं नाही. नंतर पन्हं पिताना लोक म्हणत होते, जोडी जमली. आप्पा सगळ्यांना मान हलवून हो म्हणत होते.

घरी आल्यावर मी मुखवट्याचा पट्टा सैल करून ठेवत होते. सहज विचारलं, "झोप कशी लागते आता?"

"छान लागते," आप्पा म्हणाले. "कुणी येत नाही."