दुसऱ्या गिअरवरची शर्यत

आमचा शर्यतीचा संघ जेमतेम सात महिने टिकला. गाडी ताई चालवायची, इंजिन मी बघायचे आणि टायर दाजींकडे. दुसऱ्याच शर्यतीत ताईने बड्या कंपन्यांच्या गाड्यांना धूळ चारून दुसरा नंबर पटकावला. मग आयोजकांनी नियम काढला, की पुढच्या वर्षी प्रत्येक संघाकडे दोन गाड्या हव्यात. आमची एकच होती, तीही तिघांनी घरच्या गॅरेजात जोडलेली.

शेवटच्या शर्यतीत चार फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्सने मान टाकली. फक्त दुसरा गिअर पडत होता. आयोजकांचा माणूस माझ्याकडे आला.

"तिला आत बोलवा. उगाच हट्ट कशाला? तुमचा संघ तर आज संपलाच."

मी रेडिओवर ताईला ते सांगितलं.

"त्याला म्हणावं, संघ तुम्ही संपवलात, शर्यत मी संपवणार!"

विजेता केव्हाच गाडीतून उतरला होता, लोक पांगत होते, तरी ताई गुरगुरत येतच होती. तिने रेषा ओलांडली तेव्हा झेंडा दाखवायलाही कुणी नव्हतं. दाजींनी अंगातला तेलकट शर्ट काढला आणि तोच दोन्ही हातांनी फडकवला.