कोश्याच्या किड्यानं पाला धरला

कोश्याच्या किड्याला सुई टोचायची आहे, असं उमेरानं म्हणताच मंगलीनं सरळ नाही म्हणून टाकलं.

मंगलीच्या घरी तीन पिढ्या कोश्याचंच काम. अहेरीपासून आत, नाल्यापलीकडे तिची ऐनाची झाडं होती. त्यांवर इवलेसे किडे सोडायचे, बोटाएवढे हिरवेगार होईपर्यंत पाखरं, मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून राखायचे, मग त्यांनी स्वतःभोवती रेशमाचे कोसे विणले की ते उतरवायचे. राखणीच्या दिवसांत ती झाडांखाली चपला घालून जात नसे. किड्याला कुणी उगाच हात लावलेलाही तिला खपत नसे, तिथे सुईची काय गोष्ट.

पण उमेरा काही परकी नव्हती. अहेरीच्या बाजारात टॉर्च आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या मुश्ताकभाऊंची ती मुलगी. मुश्ताकभाऊंशी मंगलीची वीस वर्षांची ओळख. पोरगी चंद्रपूरच्या कॉलेजात पीएचडी करते, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून नाही म्हटलं तरी तिनं कोरा चहा पुढे केला आणि विचारलं की कशाला पाहिजे हे सगळं.

उमेरानं मग बैजवार सांगितलं. दवाखान्यातली काही औषधं आता काही जंतूंना पुरी पडत नाहीत, जखम चिघळत राहते. म्हणून दुसरं काहीतरी शोधायचं काम जगभर चाललं आहे. कुणी बेडकाच्या कातडीत शोधतं, कुणी किड्याच्या रक्तात. जंतू शिरला की किड्याचं रक्त प्रथिनाचे बारीक बारीक तुकडे तयार करतं. त्यांना पेप्टाइड म्हणतात. ते जंतूच्या सालीला भोकं पाडतात आणि जंतू फुटून मरतो. कोश्याच्या रक्तात ते किती सापडतात, हे तिला पाहायचं होतं. सुईला लावायचे जंतू आधीच मारलेले असणार होते. किड्याला आजार व्हायचा नव्हता, त्याचं रक्त फक्त जागं व्हायचं होतं.

मंगलीनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माशीनं डंख मारला का काही किडे मरते, काही जगते. जगते त्याच्या अंगावर काळा ठिपका राहते. तो काऊन जगते, हे मले आजपर्यंत कोनी सांगतलं नव्हतं."

आणि तिनं होकार दिला. अट एवढीच, की किडे ती स्वतः निवडणार आणि उमेरानं चपला बाहेर काढायच्या.

काम सुरू झालं. एका बाजूच्या लहान झाडावर मंगलीनं किडे वेगळे ठेवले. उमेरा सुई टोचायची, दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचे थेंब बारीक नळीत घ्यायची, बर्फाच्या डब्यात ठेवून चंद्रपूरची बस पकडायची. आठवड्यानं परत यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मंगलीला कळायचं. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदाही काही निघालं नाही. प्रयोगशाळेतल्या जिवंत जंतूंवर ते रक्त घातलं, तरी ते आपले मजेत वाढले होते. इकडे किडे मोठे होत चालले होते. थोड्याच दिवसांत ते कोश्यात शिरले असते आणि काम पुढच्या वर्षावर गेलं असतं.

तिसऱ्या वेळी उमेरा झाडाखाली येऊन नुसती बसली. डबाही उघडला नाही. मंगली तिच्या शेजारी बसली. तिला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत होती. पण शिकलेल्या पोरीला आपण काय सांगायचं, म्हणून ती बोलली नव्हती. आता तिनं विचारलं, की टोचल्यावर लगेच दुसऱ्याच दिवशी रक्त का काढतेस?

उमेरा म्हणाली की शोधनिबंधात तसंच लिहिलं आहे.

"कोन्या किड्याचं लिहिलं आहे?"

"तुतीवरच्या. घरात पाळतात तो."

मंगलीला हसू आलं. "तो घरातला लाडाचा. हा रानातला आहे. याले टोचलं का हा रुसून बसते. तीन दिवस पाल्याले तोंड लावत नाई. चौथ्या दिवशी सकाळी ज्यानं पाला धरला, तो जगला समज. मंग बाजूचा किडा सडून पडला तरी याले काही होत नाई. तू त्याले रुसलेल्या दिवशीच पकडून राह्यली."

उमेरा सरळ होऊन बसली. मग तिनं पिशवीतून वही काढली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. किती दिवस, कोणत्या वेळी, पान कडेनं खातो की मधून, सगळं. इतक्या बारकाईनं मंगलीला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं, की आपल्याला केवढं माहीत आहे.

या वेळी वीस किडे टोचले. मंगलीनं प्रत्येकाच्या डहाळीला रंगीत दोरा बांधला आणि चार दिवस तिथून हलली नाही; नवऱ्यानं, वारलूनं, भाकरी तिथेच आणून दिली. दोन किडे गळून पडले. बाकीचे मान आत ओढून डहाळीला चिकटून राहिले. चौथ्या सकाळी ऊन झाडावर आलं आणि लाल दोऱ्याच्या किड्यानं पानाची कड कुरतडली. मग पिवळ्या दोऱ्याच्यानं. दुपारपर्यंत अकरा किडे खायला लागले. दोघी एकेक मोजत होत्या आणि दर किड्यामागे उमेराचा आवाज थोडा वर चढत होता. त्या अकरांचं रक्त घेऊन ती गेली.

चार दिवसांनी मुश्ताकभाऊ स्कूटर घेऊन दारात हजर. उमेरानं चंद्रपूरला बोलावलं आहे, काय झालं ते सांगायचं नाही अशी ताकीद आहे, आणि आपल्याला खरंच काही सांगितलेलं नाही, हे त्यांनी एका दमात सांगितलं. मंगलीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. स्कूटरवरून अहेरी आणि पुढे बसनं चंद्रपूर. वाटेत मुश्ताकभाऊच जास्त अस्वस्थ होते.

प्रयोगशाळेत उमेराच्या गाईड दीपिका मॅडम उभ्या होत्या. उमेरानं झाकण लावलेली काचेची गोल थाळी उजेडासमोर धरली. निवलेल्या पेजेवर साय धरावी, तसा जंतूंचा पांढुरका थर तिच्यात सगळीकडे पसरला होता. त्यावर कागदाच्या तीन टिकल्या होत्या. एकीवर नुसतं पाणी, दुसरीवर न टोचलेल्या किड्याचं रक्त. त्या दोन्हींना लागून थर जसाच्या तसा. तिसरी टिकली पाला धरलेल्या किड्यांच्या रक्ताची. तिच्याभोवती काच स्वच्छ दिसत होती, रुपयाएवढी गोल. तिथे एकही जंतू वाढला नव्हता.

मंगलीनं थाळी जवळून पाहिली, लांबून पाहिली. "हे माह्या किड्यानं केलं?"

"तुमच्याच किड्यानं केलं, बाई," उमेरा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मुश्ताकभाऊंनी घाईघाईनं चष्मा काढून पुसायला घेतला.

याचं औषध कधी होईल, असं मंगलीनं विचारलं. दीपिका मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. हे पेप्टाइड आधी वेगळं काढावं लागेल, माणसाच्या रक्ताला ते अपाय करत नाही ना हे पाहावं लागेल, पोटात गेलं तर ते पचूनच जातं, त्यामुळे बहुधा जखमेवर लावायचा मलम. बरीच वर्षं लागतील आणि कदाचित होणारही नाही. मंगलीला यात वावगं काही वाटलं नाही. किडे सोडले तितके कोसे कधी मिळतात? तरी दरवर्षी सोडायचेच असतात.

मग मॅडमनी तिला वर्गात नेलं. चाळीस मुलंमुली बसली होती. मंगलीनं आधी दोन वाक्यं जपून म्हटली. पुढे रुसलेला किडा मान कशी आत ओढतो, ते तिनं स्वतःची मान ओढून दाखवलं आणि सगळा वर्ग हसला. तीही हसली. त्यानंतर तिला थांबवणं अवघड झालं. मुलं भराभरा लिहून घेत होती. एका मुलीनं विचारलं, पाऊस असला तर किती दिवस लागतात? हा प्रश्न बरोबर आहे, असं मंगली म्हणाली, आणि उत्तर मलाही माहीत नाही, पुढच्या पावसात बघून सांगते.

थाळी गावातल्या बायांना दाखवायला न्यायची तिची फार इच्छा होती. पण आत जिवंत जंतू असल्यानं ती देता येईना. उमेरानं मोठा फोटो छापून दिला. दुसऱ्या दिवशी ऐनाच्या झाडांखाली सात-आठ बाया त्या फोटोभोवती जमल्या, चपला दूर काढून. त्या गोलात काय आहे, असं त्यांतल्या सोमारीनं विचारलं.

"काहीच नाई," मंगली आनंदानं म्हणाली, "तेच तर पाहा." आणि तिनं त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.